पोरांचा निकाल १ मेला, मग शाळेचा निकाल कधी?



या अंकात मी वनहक्काच्या अपिलांवर लिहिणार होतो. बैठकीत तसं ठरलंही होतं. पण लिहायला बसलो की डोक्यात शाळाच यायची, म्हणून शाळेवर लिहितोय. काही साथी म्हणतील, जमिनीचं सोडून हे मध्येच काय काढलं. आधी वाचा, मग भांडा.

माझी भाची चौथीत आहे. तिची आई, म्हणजे माझी मोठी बहीण, यंदा भट्टीवर गेली नाही. मुकादमाची उचल घेतली नाही, पावसाळ्यातली दुकानाची उधारी तशीच अंगावर ठेवली. का तर पोरीची शाळा बुडू नये. आणि दिवाळीनंतर पोरगीच शाळेत जायना. रोज सकाळी पोट दुखायचं. भगत झाला, आरोग्य केंद्रातल्या गोळ्या झाल्या. शेवटी एका रात्री आजीच्या कुशीत बोलली.

शाळा गाव आणि वाडी दोघांची मिळून आहे. पट १७. त्यात आमच्या वाडीतली पोरं सहा. गावातली चार-पाच पोरं तिला "ए कातोडे, आज उंदीर खाल्ला का" असं विचारतात. खिचडीच्या रांगेत मागे ढकलतात. तिच्या शेजारी पट्टीवर कोणी बसत नाही, बसलं तर त्यालाही चिडवतात. एकदा तिने धीर करून गुरुजींना सांगितलं. गुरुजी म्हणाले, "पोरं चिडवतातच गं, तू लक्ष देऊ नको." ते वाईट मनाने बोलले असतील असं मला वाटत नाही. पण त्या दिवसापासून पोरांना कळलं की हिचं कोणी ऐकत नाही.

मलाही हेच म्हणायचे. मी बारावीपर्यंत टिकलो कारण मी मारामारी करायचो. माझ्याबरोबर पहिलीला वाडीतली आठ पोरं बसली होती, दहावीला मी एकटा होतो. तेव्हा सगळे म्हणायचे, कातकऱ्याच्या पोरांना शाळेची गोडीच नाही. गोडी नाही की शाळेत कोणी बसू देत नव्हतं, हे कोणी विचारलं नाही.

तर मी शाळेत गेलो. व्हरांड्यात तक्रारपेटी आहे. २०१७ साली सरकारने निर्णय काढला की प्रत्येक शाळेत अशी पेटी लावायची. पेटी छान निळी, वर पांढऱ्या अक्षरात नाव. उंची अशी की माझ्या खांद्याला लागते. कुलूप गंजलेलं, किल्ली कुठे आहे कोणाला ठाऊक नाही. फटीतून गांधीलमाश्या ये-जा करत होत्या, आत पोळं झालेलं. चौथीतली पोरगी तिथे चिठ्ठी टाकणार कशी?

गुरुजी माझ्याशी नीट बोलले. चहा मागवला. दोन शिक्षक, चार वर्ग, त्यात रोज नवीन माहिती मोबाइलवर भरायची, त्यांचंही रडगाणं खरं आहे. बोलता बोलता त्यांनी मोबाइलमध्ये शाळेचं मूल्यांकन दाखवलं. शाळेने स्वतःच स्वतःला गुण द्यायचे आणि पुराव्याला फोटो जोडायचे. मुलांच्या सुरक्षिततेच्या मानकासमोर वरचा स्तर टाकलेला होता. पुरावा काय, तर त्याच निळ्या पेटीचा फोटो. नवीन रंग दिला त्या दिवशी काढलेला. माश्या तेव्हा नव्हत्या.

मी विचारलं, हे आम्हाला का दाखवलं नाही? ते म्हणाले, हे वर पाठवायचं असतं.

साथींनो, हे "वर" काय आहे ते आपण समजून घेऊ. शाळेचं मूल्यांकन ही नवी गोष्ट नाही. पूर्वी तपासणीला साहेब यायचे. मग २०१६च्या सुमारास शाळासिद्धी आली. त्यात सात क्षेत्रं होती, ४६ मानकं होती. सहावं क्षेत्र सगळ्या मुलांना सामावून घेणं, आरोग्य आणि सुरक्षितता याचं. त्यात मुलांची मानसिक सुरक्षितता वेगळी लिहिलेली. म्हणजे शाळेत पोराला भीती वाटते का, त्याला कोणी छळतं का, हे शाळेने स्वतः तपासून लिहायचं. सातवं क्षेत्र तर समाजाच्या सहभागाचं, म्हणजे आपलंच. ज्या समाजाचा सहभाग मोजला त्या समाजाला तो कागद कुठल्या वाडीत वाचून दाखवला असेल, तर मला कळवा, मी पुढच्या अंकात त्या गुरुजींचं कौतुक छापेन. आता नवीन आराखडा आलाय, मास्तर लोक त्याला स्क्वाफ म्हणतात, त्यात १२८ मानकं आहेत. कागद वाढला, वाचणारे तेच राहिले.

२०२० च्या केंद्राच्या शैक्षणिक धोरणात तर सरळ लिहिलंय की शाळांची मूळ माहिती लोकांसमोर उघडी ठेवायची, म्हणजे लोकांना देखरेख करता येईल. धोरण म्हणजे कायदा नव्हे, ते मला माहीत आहे. पण कायदाही आहे. माहिती अधिकार २००५, कलम ४. कोणी अर्ज करायची वाट न बघता कार्यालयांनी माहिती स्वतःहून जाहीर करायची. कशी? तर स्थानिक भाषेत, लोकांपर्यंत पोहोचेल अशा पद्धतीने. फलकावर लावून, वर्तमानपत्रात देऊन, जाहीर पुकारा करून. जाहीर पुकारा म्हणजे आपली दवंडी! संगणकावर टाकलं म्हणजे झालं, असं कलम ४ म्हणत नाही. आमच्या वाडीत रेंज येते ती टेकडीवरच्या एका आंब्याखाली.

आता छळाचं. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ होता कामा नये. मी हे कलम तीन वेळा वाचलं. पहिल्या ओळीत छळ कोणी करू नये ते लिहिलेलं नाही, म्हणजे कोणीच करू नये. पण दुसऱ्या ओळीत कारवाई सांगितलीय ती सेवानियमांप्रमाणे, म्हणजे फक्त नोकरीवाल्यांवर. गुरुजीने मारलं तर रस्ता आहे. पोरांनी पोरीला जातीवरून रोज टोचलं तर काय, ते त्या ओळीत नाही. मी त्या पोरांवर कारवाई मागत नाही, हे स्पष्ट सांगतो. नऊ-दहा वर्षांची पोरं आहेत, घरी जे ऐकतात तेच बोलतात. कारवाई नको, पण शाळेने काय करायचं ते तर ठरलेलं असावं? त्याच कायद्याचं कलम ९ वाचा. दुर्बल आणि वंचित घटकातल्या मुलाशी भेदभाव होणार नाही आणि त्यामुळे त्याचं शिक्षण थांबणार नाही, हे बघायची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणाची. आपल्याकडे म्हणजे जिल्हा परिषदेची. "तू लक्ष देऊ नको" हे त्या जबाबदारीचं उत्तर होत नाही.

आता स्वारगेटचं सांगतो, कारण हे सगळं मला तिथे नीट सुचलं. ७ एप्रिलला अपिलांचे कागद घेऊन पुण्याला गेलो होतो. काम दुपारीच झालं, गाडी संध्याकाळची. बरोबरचा साथी म्हणाला, चल, विश्रामबागवाडा बघू. स्वारगेटवरून सारसबागेच्या कडेने बाजीराव रस्ता धरला की चालत जाता येतं. पेशव्यांचा वाडा तो. त्या वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ ला इंग्रज सरकारतर्फे मेजर कँडीने जोतीराव फुल्यांचा सत्कार केला होता, मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा काढल्या म्हणून. ज्या वाड्यात पेशवा राहत होता तिथे! आणि पुढच्या वर्षी त्यांच्या शाळांतल्या मुलींची परीक्षा पुण्यात लोकांसमक्ष झाली. बघायला मोठी गर्दी लोटली होती. शेण-दगड मारणाऱ्या गावात जोतीराव-सावित्रीबाईंनी शाळा झाकून नाही ठेवली, उघड्यावर मांडली. या, बघा, विचारा.

त्या वाड्यापासून जवळच कुमठेकर रस्ता. तिथे राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे. शिक्षण आयुक्तालय स्टेशनजवळ, सेंट्रल बिल्डिंगमध्ये. पुस्तकं छापणारी बालभारती सेनापती बापट रस्त्यावर. आदिवासी संशोधन संस्था कॅम्पात. म्हणजे आपल्या शाळेबद्दल ठरवणारी सगळी कार्यालयं स्वारगेटपासून एका रिक्षाच्या भाड्यात. शाळा वाडीत, कागद पुण्यात. मला लगेच जमिनीची आठवण झाली. जमीन आमच्या पायाखाली आणि नकाशा वनखात्याच्या कपाटात, असंच होतं ना? नकाशा हातात आल्यावर काय बदललं ते तुम्ही पाहिलंय.

जाहीर परीक्षेबद्दल एक सांगायला पाहिजे. पोरांना चारचौघांत उभं करून प्रश्न विचारणं मला आवडत नाही. तो काळ वेगळा होता. आता पोरांची परीक्षा होतेच, १ मेला निकालही लागतो, नापास-पास सगळ्या वाडीला कळतं. ज्या शाळेने त्यांना वर्षभर शिकवलं तिचा निकाल मात्र कोणाच्या मोबाइलमध्ये असतो. मला तो पाहिजे.

आमच्या वाडीच्या बैठकीत मी हे मांडलं तर सगळ्यांनी माना डोलावल्या नाहीत. एक म्हातारे काका बोलले, "पोरा, शाळेला कमी गुण पडले असं तू गावभर वाचलंस, तर शाळाच बंद करतील. मग काय करशील?" मी गप्प झालो. ही भीती खोटी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने जिल्ह्यांकडून २० च्या आतल्या पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले होते. नमुना म्हणून दोन शाळा सांगितल्या, नंदुरबारातलं तोरणमाळ आणि आपल्या पुणे जिल्ह्यातलं पानशेत. पानशेतची गाडी स्वारगेटलाच लागते, म्हणजे लांबची गोष्ट नाही. तिथली शाळा चांगली की वाईट, यावर मला बोलायचं नाही, मी ती आतून पाहिलेली नाही. मला बोलायचंय ते आमच्या १७ च्या पटाबद्दल. उद्या ही शाळा मोठ्या शाळेत मिसळली, तर आज १७ मध्ये सहा असलेली आमची पोरं तिथे दोनशेत सहा होतील. आज एकाच वर्गात पाठीशी उभा राहणारा भाऊ-बहीण आहे, तिथे तोही वेगळ्या तुकडीत जाईल. एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हा नियम कशासाठी केला होता?

तरीपण मी काकांच्या मताचा नाही. शाळा बंद करायची तर ते पट बघूनच करतील, त्यासाठी त्यांना आपल्या तोंडाची गरज नाही. त्यांच्याकडे सगळे आकडे आहेत. आपल्याकडे काय आहे? उद्या कोणी म्हणालं, तुमच्या शाळेत गुणवत्ता नाही म्हणून हलवतो, तर आपण काय दाखवणार? आपल्याकडे कागद असेल तर विचारता येईल की बाबा, दोन वर्षं शौचालयाला दार नाही असं तुमच्याच मूल्यांकनात आहे, ते दार कोणी बसवायचं होतं? आणि शाळेने सगळीकडे वरचा स्तर टाकला असेल, तर मग एवढी चांगली शाळा बंद का करता? दोन्हीकडून कागद आपल्या उपयोगाचा आहे. न बघितलेला कागद मात्र नेहमी दुसऱ्याच्या उपयोगाचा असतो.

वनहक्काच्या दाव्याला आपण काय करतो ते आठवा. कोणी स्वतःच लिहून दिलं की मी एवढी जमीन कसतो, तर ते तसंच मान्य होतं का? वनहक्क समिती जागेवर जाते, बांध बघते, झाडं बघते. म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून घेतात आणि तो पुरावा धरतात, नियम १३ मध्ये तसं लिहिलंय. मग ग्रामसभेत सगळं वाचून दाखवतात. आपल्या एकेका गुंठ्यासाठी आपण ही तपासणी सहन केली. शाळेने मात्र स्वतःच लिहायचं, स्वतःच फोटो काढायचा आणि जागेवर कोणी यायचं नाही. मला शाळेची पण स्थळपाहणी पाहिजे. म्हाताऱ्यांच्या जबाबासारखा पोरांचा जबाब पाहिजे, तुला इथे भीती वाटते का, कोणाची, केव्हा.

हे करायला वेगळी समिती काढायची गरज नाही. शाळा व्यवस्थापन समिती कायद्यानेच आहे. कलम २१, तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बाया आणि वंचित घटकातल्या मुलांच्या प्रमाणात त्यांचे आई-बाप. शाळेच्या कामावर देखरेख करणं हे तिचं कायद्यातलं पहिलं काम. आमच्या समितीत वाडीतले कोण आहेत म्हणून मी चौकशी केली तर माझ्याच चुलतीचं नाव निघालं! तिला माहीत नव्हतं. अंगठा कधी घेतला आठवत नाही म्हणाली. आंबेगाव-जुन्नरच्या साथींना पेसा पण आहे, त्या १९९६ च्या कायद्यात सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाची गोष्ट आहे. शाळा त्यात येते. आम्हाला पेसा नाही, पण कलम २१ सगळ्यांना आहे.

कोणी म्हणेल, बदलापूरनंतर सरकारने एवढं केलं की. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर जे झालं त्यानंतर लगेच शासन निर्णय निघाला, सीसीटीव्ही लावा, तक्रारपेटी लावा, सखी सावित्री समिती चालवा. ही समिती तर २०२२ पासून आहे. लोक रेल्वेच्या रुळावर बसले तेव्हा त्याच गोष्टी परत सांगाव्या लागल्या, याचा अर्थ काय? आणि कॅमेऱ्याचं म्हणाल, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटच्या स्टँडवर उभ्या बसमध्ये एका बाईवर अत्याचार झाला. कॅमेरे तिथे होते. माणूस नंतर ओळखायला ते कामाला आले. आमच्या शाळेत लाइटच चार-चार दिवस नसते, आणि "उंदीर खाल्ला का" हे कॅमेऱ्यात दिसत नाही.

स्टँडवर परत आलो तेव्हा गाडीला दीड तास होता. बाकावर बसून अर्ज लिहिला. तुम्हाला पण लिहायचा असेल म्हणून कसा लिहिला ते सांगतो. महाराष्ट्राच्या नियमाने एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी नाही, कार्डाची झेरॉक्स जोडा. पत्ता, जनमाहिती अधिकारी, शिक्षण विभाग, पंचायत समिती, आपला तालुका. चुकीच्या अधिकाऱ्याकडे गेला तरी पाच दिवसांत त्याने योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. माहिती कशाला पाहिजे हे सांगायची गरज नाही, कोणी विचारलं तरी लिहू नका. मी मागितलं ते असं, आमच्या शाळेचं मागच्या दोन वर्षांचं स्वयंमूल्यांकन, जोडलेल्या पुराव्यांसकट. शाळा विकास आराखडा. व्यवस्थापन समितीच्या आणि सखी सावित्री समितीच्या बैठकांची इतिवृत्तं. तक्रारपेटी कधी कधी उघडली, किती तक्रारी निघाल्या, त्यांचं काय केलं. आणि शेवटी एक ओळ, तक्रार करणाऱ्या किंवा तक्रार असलेल्या मुलांची नावं देऊ नयेत.

ही शेवटची ओळ विसरू नका. शाळेचा कागद गावाचा आहे, पोरीचं नाव गावाचं नाही. माझ्या भाचीचं नावही मी इथे लिहिलेलं नाही, तुमच्यातल्या काहींना माहीत असेल तर तुमच्यापाशीच ठेवा.

अर्ज स्वारगेटच्या पोस्टातून रजिस्टर केला, पावती जपून ठेवलीय. ७ मेला तीस दिवस होतात. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, ते आपल्याला आता नवीन नाही.

पण १ मेची ग्रामसभा त्याआधीच आहे, आणि त्या दिवशी सकाळी पोरांचे निकाल. निकाल घेऊन सगळे आई-बाप शाळेतच असतील. तिथूनच उठून ग्रामसभेला जाऊ आणि गुरुजींना मोबाइलमधलं मूल्यांकन मोठ्याने वाचायला विनंती करू. विनंतीच, कारण गुरुजी आपले दुश्मन नाहीत. चुलती म्हणाली, मी समितीत आहे तर मी विचारते. तिला प्रश्न तोंडपाठ करून घेतोय. भट्टीवरून जे कुटुंब तोपर्यंत परत येईल त्यांनाही निरोप द्या.

पेटीचं पोळं मागच्या आठवड्यात धूर करून काढलं. नवीन कुलूप आमच्या वाडीने वर्गणी काढून आणलं, पेटी दोन हात खाली घेतली. दोन किल्ल्या आहेत, एक गुरुजींकडे आणि एक चुलतीकडे. भाची आठवड्यातून तीन-चार दिवस जाते आता, आजी तिच्याबरोबर व्हरांड्यात बसून राहते. माहिती आली की पुढच्या अंकात छापू. बाकीच्या वाड्यांनी अर्ज टाकला असेल तर पावतीचा नंबर आणि तारीख कार्यालयात कळवा, म्हणजे सगळ्यांची एकत्र यादी करता येईल.